मिठाचं पाणी नको, आधी १०८ लावा

परवा औशाहून मावशीचा फोन. "काकांच्या दुखायच्या गोळ्या बंद केल्यात म्या. ग्रुपवर टाकलंय बघ, वाच." काकांना तोंडाचा कॅन्सर आहे, घरी मॉर्फीनच्या गोळ्या चालू. दोन रात्री माणूस भिंतीकडं तोंड करून कण्हतोय आणि गोळ्यांची पट्टी ज्वारीच्या कोठीत! कशापायी, तर एका मेसेजपायी.

मेसेज असा: मॉर्फीन, ट्रामाडॉल असल्या गोळ्या जास्त झाल्या तर मीठपाणी पाजून ओकारी काढा, गार पाण्यानं अंघोळ घाला. दवाखान्यातलं नॅलोक्सोन इंजेक्शन, म्हणजे असल्या गोळ्यांचा अंमल उतरवणारं, ते स्वतःच नशेचं, त्याची सवय लागते. अशी गोळी न घेतलेल्याला दिलं तर तो मरतो. दिल्यावर पेशंट धिंगाणा घालतो. आणि एकदा उठला की बरा झाला, घरी न्या.

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. मीठपाण्याचंच आधी घेतो, कारण जीव त्यानंच जाईल. अफूच्या जातीचं औषध जास्त झालं की माणूस तळमळत नाही, गाढ झोपतो आणि त्याचा श्वास मंदावत जातो. छातीच्या हाडावर मूठ घासली तरी उठत नाही, ओठ निळे, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. अशाला गिळता येतं का? तुम्ही ओतलेला तांब्या फुप्फुसात जातो, ओकारी झाली तर तीही तिथंच. एका पोराला आमच्याकडं असंच आणलं होतं, शर्ट मिठानं चरचरीत, नाकातून फेस. औषधाचा अंमल आम्ही पाच मिनिटांत उतरवला. छातीत गेलेलं पाणी मात्र आठ दिवस निस्तरत बसलो. अंघोळीचं तर बोलायलाच नको. मोरीपर्यंत ओढत नेण्यात जी मिनिटं जातात तीच त्याची असतात. १०८ लावा, कुशीवर वळवा, श्वास थांबला तर तोंडानं श्वास द्या.

नॅलोक्सोननं नशा येतच नाही, सवय कशाची लागणार? मॉर्फीन मेंदूत ज्या सीटवर बसतं तिथून त्याला उठवून हे स्वतः बसतं, एवढंच त्याचं काम. अशी गोळी न घेतलेल्याला दिलं तर सहसा काहीच होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८३ पासून आहे. २०१४ मध्ये त्याच संघटनेनं सांगितलं की ज्यांच्या डोळ्यांदेखत असा प्रसंग घडू शकतो त्या घरच्यांना, मित्रांनाही हे औषध मिळावं आणि द्यायला शिकवावं. मारणारं औषध कुणी घरच्यांच्या हातात देईल?

धिंगाण्याचं मात्र खरं आहे, मान्य. रोजची सवय असलेल्याला भसकन पूर्ण डोस दिला तर घाम, उलट्या, आदळआपट होते. काकांसारख्याचं तर दबलेलं सगळं दुखणं एकदम वर येईल. म्हणून आम्ही थोडं थोडं देतो, श्वास नीट चालेल इतकंच.

'उठला की घरी न्या' हे त्याहून वाईट. नॅलोक्सोन अर्ध्या ते दीड तासात सीट सोडून उतरतं. मॉर्फीन एसटीतच उभं असतं, ते परत येऊन बसतं. म्हणजे पेशंट वाटेत, जीपमध्ये पुन्हा झोपणार.

आणि आपल्या भागात एक भानगड आणखी आहे, जी मेसेजवाल्याला ठाऊकच नाही. कापसावर फवारायची काही औषधं पोटात गेली तरी बाहुली अशीच बारीक होते. तिथं नॅलोक्सोनचा उपयोग नाही, ॲट्रोपिन लागतं. तेव्हा घरी निदान करत बसू नका. पट्टी, बाटली जे सापडेल ते पेशंटसोबत पिशवीत टाका.

काकांच्या डॉक्टरांशी बोलून त्याच रात्री गोळी परत सुरू केली. लिहून दिलेल्या मापात ती घेतली तर भ्यायचं कारण नाही, हे त्यांनी मावशीला स्वतः सांगितलं. श्वास कसा मोजायचा ते मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अकराला तिचा मेसेज आला: "झोपलेत. मिनिटाला चौदा. दोनदा मोजले."