‘गोळ्या सोडा, आहारच औषध’ या फॉरवर्डबद्दल थोडं

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की आता डॉक्टरच औषधाऐवजी आहार लिहून देतात, त्यामुळे शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन सगळं बंद करा, 3 महिन्यांत डायबेटिस मुळापासून जातो. यात अर्धं खरं आहे आणि घोळ तिथेच होतो.

खरं काय तर ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात (2017) टाइप 2 (बहुतेक मोठेपणी होणारा, नेहमीचा डायबेटिस) वाल्यांना 3 ते 5 महिने दिवसाला साधारण 850 कॅलरीच्या सूप-शेकवर ठेवलं होतं आणि वर्षानंतर 46 टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्यांचं निदान होऊन 6 वर्षंही झाली नव्हती, कोणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीत, स्वतःच्या मनाने नाही! शिवाय त्याला रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार मुळापासून जात नाही, फक्त शांत होतो; वजन परत वाढलं की शुगरही परत येऊ शकते.

टाइप 1 ला (ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) तर हे लागूच नाही. 1922 च्या आधी इन्सुलिन नव्हतं, तेव्हा टाइप 1 झालेल्या मुलांना अगदी उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, बस. हा प्रयोग जगाने करून झालाय राव.

मेसेजमधला तो ‘कमी सोडियमचं मीठ सगळ्यांनी वापरा’ सल्लापण जपून, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आधी डॉक्टरांना विचारा.