आत्याने माझं नाव देवाला सांगितलं

परवा रात्री आमच्या आत्याने माझं नाव थेट देवाला सांगितलं. शाळेत बाईंना नाव सांगायचे ना, अगदी तसं. तेही सगळ्या घरादेखत, डोळे मिटून, हात जोडून, म्हणजे मला मध्ये तोंड उघडायचीसुद्धा सोय नाही.

झालं एवढंच की रात्रीची कौटुंबिक प्रार्थना चालू होती, वचन मी मोबाईलवर वाचत होतो (अख्खं बायबल आहे त्यात, 66च्या 66 पुस्तकं), आणि नेमकं तेव्हाच ऑफिसच्या ग्रुपवर टुंग झालं. मी बघितलं. अर्धा सेकंद. हां, अंगठा पण पाठवला, पण तो काही बघण्यात मोजत नाहीत.

मग आत्याची पाळी आली.

"हे दयाळू पित्या, आज आम्हाला एकत्र आणलंस म्हणून तुझे उपकार मानते. आजारी आहेत त्यांना स्पर्श कर, प्रवासात आहेत त्यांना सांभाळ. आणि प्रभू, तू सगळं बघतोस. ह्या घरात कोणाच्या हातात तुझं वचन आहे आणि कोणाच्या हातात काय आहे, हे तुला ठाऊक आहे. मी नाव घेत नाही."

नाव घेऊन करणार काय, चार माणसांत मोबाईल एकाच्याच हातात!

आता मला सांगा, ह्याला उत्तर कसं द्यायचं? भांडणात उत्तर देता येतं, पण प्रार्थनेत आत्या माझ्याशी बोलतच नव्हती ना, ती देवाशी बोलत होती, मी फक्त शेजारी बसून ऐकत होतो. मग माझी पाळी आल्यावर मीही देवाचीच वाट धरली.

"प्रभू, तुझं वचन कागदावरही असतं आणि स्क्रीनवरही असतं, हे आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना समजू दे."

"होय प्रभू," आत्या म्हणाली. तिला प्रत्येक वाक्याला होय प्रभू म्हणायची सवय आहे. "पण वचनाला टुंग वाजत नाही, प्रभू."

"प्रभू, दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मध्ये न बोलण्याची कृपा आम्हा सर्वांना दे."

"दे प्रभू. आणि ऐकून घेण्याची पण दे."

हे असं किती वेळ चाललं असतं देव जाणे, म्हणजे तो तर खरंच जाणत होता, तोच मध्ये अडकला होता बिचारा. शेवटी बायकोने एकदम मोठ्याने "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू केलं. ही येशूने शिकवलेली प्रार्थना, ती सुरू झाली की सगळ्यांना म्हणावीच लागते. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" ह्या ओळीला आत्याचा आवाज चढला. माझाही चढला. दोघांनाही वाटत होतं ऋण आपलंच बाकी आहे.

1940च्या दशकात अमेरिकेत फादर पॅट्रिक पेटन यांनी रेडिओवरून एक घोषवाक्य गाजवलं होतं, जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं ते एकत्र राहतं. खरंय हो, पण एकत्र राहतं हीच तर अडचण आहे, आमेन झाल्यावर त्याच माणसांबरोबर त्याच खोलीत जेवायचं असतं. येशूने तर सांगितलंय की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात आहे, अध्याय 6, वचन 6. मला तो अध्याय हल्ली फार पटायला लागलाय. मेथडिस्ट पंथ सुरू करणारे भाऊ जॉन आणि चार्ल्स वेस्ली, त्यांची आई सुझाना, 19 बाळंतपणं झालेली बाई, ती म्हणे प्रार्थना करायची असली की एप्रन डोक्यावरून ओढून घ्यायची आणि पोरांना कळायचं की आता आईला हाक मारायची नाही. आमच्याकडे एप्रनही नाही आणि असता तरी आत्याने त्याच्या आत डोकं घालून बघितलं असतं की मी काय करतोय.

आणि मत्तयातच, एक अध्याय अलीकडे, असंही आहे की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे आम्ही पाळलं तर आमच्या घरची प्रार्थना कधी सुरूच होणार नाही. पण मला खरं लागलंय ते हेच. चिडली होती तर मला सांगायचं ना, सरळ, जेवताना, बाबा रे मोबाईल ठेव. मी ठेवला असता. (लगेच नाही, पण ठेवला असता.) ह्या घरात कोणालाच कोणाला काही सरळ सांगता येत नाही, सगळं वरून फिरून यायला पाहिजे. मी पण तेच केलं म्हणा.

काल सकाळी आत्या तिचा फोन घेऊन माझ्यापाशी आली. "ते तुझं बायबल ह्यात घालून दे. माझ्यातली अक्षरं आता दिसत नाहीत रे." आदल्या रात्रीबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. अ‍ॅप घालून दिलं आणि अक्षरं तिला दिसेपर्यंत मोठी करत गेलो, करत गेलो, शेवटी स्क्रीनवर एका वेळी एकच वचन मावायला लागलं तेव्हा ती म्हणाली, हां, आता बरं.

आज वाचनाची पाळी तिची आहे. दुपारपासून फोन मांडीवर घेऊन बसलीये, स्तोत्र 119 काढलंय. 176 वचनं आहेत त्यात.