बसायला खुर्ची नसलेल्या सिनेटरला मी मत का देते

परवा आत्या फोनवर म्हणाली, "अगं, ज्याला सभागृहात बसताच येत नाही, त्याला निवडून देऊन उपयोग काय?" फोनवर मला तिला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी वॉशिंग्टन डीसीत राहते. लोकवस्ती सुमारे सात लाख, म्हणजे वायोमिंग किंवा व्हरमाँट या अख्ख्या राज्यांपेक्षा जास्त. सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, त्या राज्यांना दोन-दोन सिनेटर आहेत; डीसी राज्य नाही, म्हणून आम्हाला एकही नाही. कनिष्ठ सभागृहात आमच्या प्रतिनिधी आहेत, पण विधेयक अंतिम मतदानाला आलं की त्यांना मत नाही. दिल्लीलाही पूर्ण राज्याचा दर्जा नाही, तरी तिचे सात खासदार लोकसभेत मत देतात! आमच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर नंबराखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'प्रतिनिधित्वाविना करवसुली बंद करा'. रोज सिग्नलला पुढच्या गाडीवर ते वाचते आणि रोज टोचतं.

तरीही आमच्या मतपत्रिकेवर 'युनायटेड स्टेट्स सिनेटर' असा रकाना असतो. त्यात निवडून येणाऱ्यांना शॅडो सिनेटर म्हणतात. १९९० साली पहिल्यांदा निवडले गेले, त्यात नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन होते. त्यांना सिनेटमध्ये शपथ नाही, मत नाही, सिनेटरचा पगार नाही. काम एकच: खऱ्या सिनेटरांची दारं ठोठावायची आणि राज्याचा दर्जा मागायचा. २०२४ मध्ये अंकित जैन निवडून आले, मतदानाच्या हक्कासाठी लढणारे वकील. त्यांच्या नावापुढचा गोल मी अगदी सावकाश, कडेपर्यंत काळा केला.

लोक याला नाटक म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. टेनेसीने १७९६ मध्ये राज्य होण्याआधीच दोन सिनेटर निवडून तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियाला धाडले. त्यांना बसू दिलं नाही, पण त्याच वर्षी टेनेसी राज्य झालं. अलास्काने १९५६ मध्ये तेच केलं आणि १९५९ मध्ये राज्य मिळवलं.

आम्ही २०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्क्यांनी राज्य मागितलं. २०२० आणि २०२१ मध्ये कनिष्ठ सभागृहाने विधेयक मंजूरही केलं. सिनेटमध्ये ते मतदानालाच आलं नाही.

आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही हो. मार्च २०२५ मध्ये संसदेच्या एका कायद्यामुळे शहराच्या चालू बजेटवर, त्यातही बहुतेक आमच्याच स्थानिक करांच्या पैशांवर, सुमारे एक अब्ज डॉलरची कुऱ्हाड आली. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी शहराचे पोलीस तीस दिवस आपल्या ताब्यात घेतले. त्या दिवसांत मेट्रो स्टेशनच्या दाराशी गणवेशातले नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे जवान उभे असायचे. हे हवं की नको, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

मेरीलँड-व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींनो, तुमच्यातले कितीतरी जण रोज याच शहरात कामाला येता. तुमचे सिनेटर तिथे बसतात, मत देतात. त्यांच्या ऑफिसला एकदा फोन करा आणि डीसीबद्दल विचारा. दोन मिनिटं लागतील.