तंबाखूच्या जाहिरातीला 200 रुपये दंड? आधी कलम 22 वाचा

"तंबाखूची जाहिरात केली तरी फक्त 200 रुपये दंड, भरा आणि सुटा, आणि स्पॉन्सरशिप तर जाहिरातच नाही" असा मेसेज फिरतोय. मला याचा खरंच राग येतो, कारण यावर भरवसा ठेवून स्पर्धा भरवणारी पोरं तंबाखू कंपनीकडून बिनधास्त पैसे घेतील आणि अडकतील.

आधी ते 200 रुपये. हा आकडा कोटपातलाच, म्हणजे सिगारेट-तंबाखूवरच्या 2003 च्या कायद्यातला, पण तो वेगळ्याच गुन्ह्यांसाठी आहे. सार्वजनिक ठिकाणी सिगारेट ओढली, 18 वर्षांखालच्या मुलाला विकली किंवा शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत विकली तर 200 पर्यंत दंड, तो भरून प्रकरण मिटवताही येतं. जाहिरातीवर बंदी कलम 5 ने आहे आणि तिची शिक्षा कलम 22 मध्ये, पहिल्यांदा दोषी ठरलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत दोषी ठरलात तर 5 वर्षांपर्यंत कैद आणि वर 5,000 पर्यंत दंड. पैसे भरून मिटवायची ती सवलत इथं दिलेलीच नाही. जामीन मिळतो हे खरं, पण केस कोर्टात चालते ना.

1,000 रुपये म्हणजे मोठ्या कंपनीला काहीच नाही, हे मात्र मला शंभर टक्के मान्य. 2019 च्या ई-सिगारेट बंदीच्या कायद्यात जाहिरातीला पहिल्याच वेळी 1 लाखापर्यंत दंड आहे, मग तंबाखूचा आकडा 2003 मध्येच का अडकलाय? तो वाढलाच पाहिजे. पण आकडा छोटा आहे म्हणून कैदेची तरतूद आहे ती नाहीच असं कसं म्हणता?

आता स्पॉन्सरशिप. कलम 5 चं तिसरं पोटकलम सरळ सांगतं की स्पॉन्सरशिप, भेट, बक्षीस किंवा स्कॉलरशिपच्या बदल्यात तंबाखूचा किंवा तिच्या ब्रँडच्या नावाचा प्रचार करायचा नाही, तसं कबूलही करायचं नाही. म्हणजे फक्त पैसे देणारा नाही, पैसे घेऊन बॅनर लावणाराही त्यात येतो.

"पकडतील तर कंपनीला, आपल्याला काय" हेही चूक, पैसे घेऊन स्वतःच्या भिंतीवर जाहिरात लावू देणाराही कलम 5 मोडतो. कंपनीचा गुन्हा असेल तर कलम 26 प्रमाणे त्या वेळी कारभार बघणारा माणूसही दोषी धरला जातो, मला हे माहीत नव्हतं किंवा मी पूर्ण काळजी घेतली होती हे त्यानं सिद्ध करायचं. आणि जाहिरातीचं साहित्य सरकारजमा होऊ शकतं ते वेगळंच.

राहिली वेलचीच्या नावाखाली केलेली तंबाखूच्या ब्रँडची जाहिरात. 2022 च्या ग्राहक संरक्षणाच्या गाईडलाईन्सनी ही पळवाट बंद केलीय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, शिवाय त्यात झळकणाऱ्या सेलिब्रिटीला वर्षभर कुठल्याच प्रॉडक्टची जाहिरात करायला बंदी घालता येते.