शातो लातूरमध्ये ‘काहीच बदललं नाही’ हे खरं नाही

फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या शातो लातूर या वाइन इस्टेटीबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. (मराठवाड्यातल्या लातूरशी या नावाचा संबंध नाही.) थोडक्यात तो असा: ‘1855 साली सम्राटाने चव घेऊन या वाइनला पहिला नंबर दिला. तेव्हापासून तिथे काहीच बदललेलं नाही. लेबलवरचा बुरूज आजही उभा आहे. वेली मूळच्याच, फवारणी कधीच नाही. द्राक्षं लाकडी पिंपात टाकली की वाइन आपोआप होते, बाहेरचं काही घालावं लागत नाही. आणि बाटली जेवढी जुनी तेवढी वाइन भारी.’

वाइन उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण ती न बदलल्यामुळे उत्तम आहे, हे साफ चूक आहे. या जागेवर दर पिढीने काहीतरी मोडून नव्याने बांधलं आहे.

‘सम्राटाने चव घेऊन पहिला नंबर दिला.’ पॅरिसच्या 1855 च्या जागतिक प्रदर्शनासाठी नेपोलियन तिसरा याच्या सरकारला बोर्डोच्या वाइनची यादी हवी होती. ती बोर्डोच्या दलालांनी बनवली, आणि तीही चव घेऊन नव्हे, तर वर्षानुवर्षं बाजारात मिळालेल्या भावांवरून. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों अशी चार नावं आली. यात कुणालाही आश्चर्य वाटलं नसेल, कारण फ्रान्समधले अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत थॉमस जेफरसन यांनी 1787 मध्ये हीच चार नावं अव्वल म्हणून नोंदवली होती.

‘लेबलवरचा बुरूज आजही उभा आहे.’ तो बुरूज ज्या गढीचा, ती इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळातली गढी केव्हाच नाहीशी झाली. आज वेलींमध्ये दिसणारी गोल इमारत 17 व्या शतकातला कबुतरखाना आहे.

‘वेली मूळच्याच, फवारणी कधीच नाही.’ नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला तर हे वाचून हसूच येईल. 1850 च्या सुमारास बोर्डोत भुरी हा बुरशीचा रोग आला आणि गंधकाची भुकटी मारायला सुरुवात झाली. मग अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या किडीने मुळं खाऊन वेली वाळवल्या. जमिनीत कार्बन डायसल्फाइड सोडून पाहिलं, पण कायमचा उपाय सापडला तो कलमांचा: खाली किडीला दाद न देणारा अमेरिकन खुंट आणि वर काबेर्ने सोव्हिन्यों किंवा मेर्लो या द्राक्षजातींची काडी. आजची बाग अशा कलमी वेलींचीच आहे. शिवाय वेली मरतात. मेलेल्या वेलीच्या जागी त्याच ओळीत नवी लावतात, आणि ती वयात येईपर्यंत तिचे घड वेगळे तोडतात. कोवळ्या वेलीच्या मण्यात साखर भरते, पण सालीत तो दाटपणा नसतो.

त्यानंतर केवडा हा पानांवरचा आणखी एक रोग आला. लातूरला लागूनच सें-ज्युलियां हे गाव आहे. तिथले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं पाणी शिंपडत, म्हणजे निळसर पानं पाहून येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं, की नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. 1885 मध्ये त्यांनी त्याची कृती प्रसिद्ध केली. तेच आपलं बोर्डो मिश्रण. 1 टक्क्याचं करायचं तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवून, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतायचं, तेही लोखंडी नव्हे तर प्लॅस्टिकच्या पिंपात. मग स्वच्छ लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. तसंच फवारलं तर पानं करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

लातूरच्या बागांना 2018 मध्ये सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं, काही भागात नांगराला घोडे आहेत. पण सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही असं नव्हे. युरोपात सेंद्रिय बागेलाही तांबं चालतं, फक्त 7 वर्षांत हेक्टरी 28 किलोच्या आत. समुद्राची हवा खाणाऱ्या मेदॉकमध्ये, म्हणजे बोर्डोतल्या लातूरच्याच पट्ट्यात, ते बंद केलं तर ओल्या वर्षी पीक हातातून जाईल.

‘लाकडी पिंपात टाकली की आपोआप होते.’ लातूरमध्ये 1964 च्या हंगामाला जुने लाकडी हौद काढून स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसवल्या. वर्षभरापूर्वीच मालकी जुन्या फ्रेंच घराण्याकडून इंग्लंडच्या पिअरसन समूहाकडे गेली होती, त्यामुळे ‘इंग्रजांनी दुग्धालय केलं’ छापाची टीकाही झाली. पण कारण पक्कं होतं. रस आंबताना उष्णता निर्माण होते. तापमान 35 अंशांपुढे गेलं की यीस्ट मरू लागतं, आंबणं मध्येच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि त्या साखरेवर जिवाणू वाढून व्हिनेगरचा वास येतो. लाकूड उष्णता धरून ठेवतं. म्हणून गरम वर्षी लोक हौदात बर्फाच्या लाद्या टाकत. स्टीलच्या टाकीवर बाहेरून पाणी सोडलं तरी आतला रस 30 अंशांच्या आसपास राखता येतो.

बाकीचं कामही हातचंच आहे. घड हाताने तोडायचे, देठ काढायचे, कच्चे-कुजके मणी वेचून टाकायचे. टाकीत साली वर येऊन जाड थर धरतात. खालचा रस पंपाने वर घेऊन तो थर रोज भिजवायचा. रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो, आणि थर कोरडा राहिला तर वरून आंबट होऊ लागतो. साधारण 3 आठवड्यांनी वाइन सालींवरून उतरवतात. मग जिवाणूंकरवी तीक्ष्ण मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात. त्यानंतर 225 लिटरच्या नव्या ओक पिंपांत सुमारे दीड वर्ष. लाकूड इथे येतं, ते असं. बाष्पीभवनाने पिंप रितं होतं ते पुन्हा काठोकाठ भरायचं, नाहीतर हवा लागते. दर तीनेक महिन्यांनी गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात घ्यायची.

आणि सगळा माल एकाच बाटलीत जात नाही. मुख्य वाइन शातोभोवतीच्या (शातो म्हणजे इस्टेटीचा वाडा) 47 हेक्टरच्या ‘लांक्लो’ या आवारातल्या जुन्या वेलींची. 1966 च्या पिकापासून ‘ले फोर द लातूर’ ही दुसरी वाइन वेगळी काढतात. जे कमी पडतं ते मुख्य वाइनमध्ये न घालणं, हा माझ्या मते लातूरच्या दर्जामागचा सर्वांत महाग निर्णय आहे.

‘बाहेरचं काही घालावं लागत नाही.’ ज्या 19 व्या शतकाचे गोडवे गायले जातात, त्याच काळात बोर्डोचे व्यापारी इंग्रज गिऱ्हाइकासाठी या वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातली एर्मिताज किंवा दाट स्पॅनिश वाइन मिसळत. वाइन पिंपातून व्यापाऱ्याकडे जाई आणि बाटल्या तोच भरे. सगळी वाइन शातोतच बाटलीबंद करण्याचा आग्रह 1920 च्या दशकातला. थंड वर्षी रसात साखर घालणंही बोर्डोत सर्रास चाले: लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेने 1 टक्का अल्कोहोल वाढतं. पिंपातली वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक हा मेदॉकचा जुना उपाय, पिंपामागे 5-6 अंडी. राहिला गंधक. रिकामं पिंप गंधकाची वात जाळून निर्जंतुक करणं शतकांपासून चालू आहे, आणि आंबतानाही थोडा सल्फर डायऑक्साइड आपसूक तयार होतो. युरोपात कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, लाल वाइनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, सेंद्रियला 100. गंधक अजिबात नको म्हटलं तर वाइन तपकिरी पडण्याची आणि तबेल्यासारखा वास धरण्याची जोखीम घ्यावी लागते.

‘जेवढी जुनी तेवढी भारी.’ 1961 ची लातूर दीर्घायुषी निघाली, तर 1930 ते 1932 ही सलग तीन वर्षं बोर्डोभर इतकी वाईट होती, की त्यांना कोणत्याही तळघराने वाचवलं नसतं. 1964 मध्ये ऑक्टोबरच्या मुसळधार पावसाआधी लातूरची तोडणी उरकली होती; थांबलेल्या शेजाऱ्यांची वाइन पातळ झाली. बाटलीवरचं साल तेच, वय तेच. लातूरने 2012 मध्ये वाइन पिंपात असतानाच आगाऊ विकण्याची बोर्डोची पद्धत सोडली, कारण ती पिण्याजोगी होईपर्यंत आपल्याच तळघरात ठेवायची होती.

साठवण 12 ते 14 अंशांत, आडवी, अंधारात. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली काही महिन्यांत शिजल्यासारखी होते, मग लेबलवर काहीही असो. जुनी बाटली घेताना पातळी पाहा: मानेत असेल तर ठीक, खांद्याच्या खाली असेल तर बुचातून हवा शिरली आहे. उघडण्याआधी ती एक-दोन दिवस उभी ठेवा. बूच ठिसूळ असतं, दोन पात्यांचं ओपनर वापरा. मानेखाली दिवा धरून सावकाश ओता, आणि गाळ मानेशी आला की थांबा. खूप जुनी असेल तर ओतल्यावर तासाभरात प्या.