रिबेट घेतली की लोन बदलता येत नाही? तसं काही नाहीये

सध्या एक मेसेज फिरतोय की नवीन गाडीवर रिबेट (म्हणजे सूट) घेतली आणि नंतर लोन दुसऱ्या बँकेत नेलं तर रिबेट परत द्यावी लागते. सरसकट असं नसतं हो. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. कंपनीची साधी कॅश रिबेट गाडीच्या किमतीतून वजा होते, तिचा लोनशी संबंध नाही, मग पुढं रिफायनान्स करा (म्हणजे नवीन लोन घेऊन जुनं फेडा) नाहीतर एकरकमी फेडा. पण काही डिस्काउंट 'आमच्याकडूनच फायनान्स घ्या' या अटीवर मिळतात, आणि तिथं कधीकधी ठराविक महिने लोन चालू ठेवायची अट असते, ती मोडली तर वसुली होऊ शकते, म्हणून सही करायच्या आधी ते बारीक अक्षरातलं वाचा (सेल्समन स्वतःहून सांगेल ही आशा सोडा).

आणि 'रिफायनान्स म्हणजे फायदाच' हेही अर्धंच खरं. ११ टक्के व्याजावरून ९ वर आलात तर ५ वर्षांत दर १ लाखामागे साधारण ५,९०० वाचतात, पण त्यातून मुदतपूर्व फेडीचा दंड (असेल तर) आणि नवीन प्रोसेसिंग फी वजा करा. शिवाय शोरूमबाहेर पडली की गाडी जुनी, नवी बँक जुन्या गाडीचा चढा व्याजदर लावू शकते.