शिक्का पुसट, सबब निविदा अपात्र!

‘पान क्र. 87 वरील शिक्का अस्पष्ट. सबब निविदाकार तांत्रिकदृष्ट्या अपात्र.’ एका शासकीय रुग्णालयाच्या साफसफाईच्या कंत्राटासाठी आम्ही भरलेल्या निविदेचा निकाल एवढाच, आणि तोही शुक्रवारी कार्यालय सुटल्यानंतर संकेतस्थळावर चढवलेला. सोमवारी जाब विचारायला जावे, तर पात्र ठरलेल्यांचे आर्थिक (म्हणजे दरांचे) लिफाफे त्याच शुक्रवारी संध्याकाळी उघडून झालेले. देयके मंजूर करताना हीच तत्परता कुठे जाते, हे कुणी तरी सांगावे.

पान क्र. 87 वर काय होते, तेही सांगतो. आमचा अनुभवाचा दाखला नव्हता, उलाढालीचे प्रमाणपत्र नव्हते, भविष्य निर्वाह निधीची चलने नव्हती. त्या पानावर कार्यालयाच्याच निविदा दस्तऐवजाच्या शेवटच्या अडीच ओळी होत्या आणि खाली निव्वळ कोरी जागा होती. म्हणजे त्यांचाच दस्तऐवज आम्ही उतरवून घ्यायचा, छापायचा, पानोपानी शिक्का मारून सही करायची, पुन्हा स्कॅन करायचा आणि त्यांनाच परत पाठवायचा. संकेतस्थळ मोठी फाइल स्वीकारत नाही, म्हणून ती दाबून दाबून लहान करायची, आणि दाबल्यामुळे जांभळ्या शाईचा गोल शिक्का पुसट झाला की तो आमचा अपराध! वास्तविक ती संपूर्ण निविदा डिजिटल सहीनेच भरलेली असते. त्या सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 सालापासून मान्यता दिलेली आहे. पण मूल्यांकन समितीला मान्य असतो तो फक्त रबराचा शिक्का. समितीने 87 व्या पानापर्यंत वाचले याचाच आनंद मानावा, असे एका हितचिंतकाने सुचवले. मी त्यांच्याशी सध्या बोलत नाही.

आता ज्यांचे सर्व शिक्के ठसठशीत होते, त्या विजयी निविदाकाराचा दर पाहा. प्रति कामगार सेवाशुल्क, म्हणजे वेतन व कायदेशीर देणी सोडून कंत्राटदाराला स्वतःला मिळणारी रक्कम, एक पैसा. मुळात शून्य दर भरणाऱ्याची निविदा ग्राह्य धरू नये, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने जानेवारी 2014 मध्येच सांगून ठेवले आहे. त्यावर आपल्या व्यवसायाने शोधलेला तोडगा म्हणजे हा एक पैसा. दरपत्रकात किमान वेतन अचूक, भविष्य निर्वाह निधीचे मालकाच्या वाट्याचे 13 टक्के अचूक, राज्य कामगार विम्याचे 3.25 टक्के अचूक, बोनसचे 8.33 टक्केही अचूक. मग गणवेश, पर्यवेक्षकाचा पगार आणि देयक सहा-सहा महिने अडकले असताना पगार भागवण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, हे सारे त्या एका पैशातून निघणार काय? देयकातूनच आयकराची जी कपात (टीडीएस) होते, तीसुद्धा त्यातून भागत नाही. पैसा कुठून निघतो हे त्या इमारतीतल्या लिफ्टवाल्यालाही ठाऊक आहे. कामगारांची एटीएम कार्डे पर्यवेक्षकाच्या खिशात असतात, पगार खात्यात जमा झाल्याच्या दिवशी ठरलेली रक्कम रोखीने परत घेतली जाते आणि कागदोपत्री बोनस मिळालेल्या बाईला दिवाळीत मिठाईचा खोका मिळतो. हा दर परवडतो कसा, असा साधा खुलासाही समितीने मागवला नाही. तिने बेरीज तपासली, बेरीज बरोबर होती, विषय संपला. आमच्या शिक्क्याला भिंग लावणारे डोळे त्या एका पैशापाशी नेमके मिटले कसे?

निविदापूर्व बैठकीविषयी तर बोलूच नये, पण बोलतो. आम्ही लेखी शंका द्यायच्या आणि त्यांनी प्रत्येकीपुढे ‘निविदेतील अट कायम’ असे छापून द्यायचे. चहाबिस्किटांपलीकडे त्या बैठकीचे फलित मला आजवर दिसलेले नाही. मुदत संपायला काही तास उरले असताना निघणारे शुद्धिपत्रक हा माझ्या रक्तदाबाचा स्वतंत्र विषय आहे. गुणवत्ता आणि दर यांच्या एकत्रित गुणांकनाचा गाजावाजा झाला, तेव्हा मी भाबडेपणाने पेढे वाटण्याच्या बेतात होतो. केंद्राने ऑक्टोबर 2021 मध्ये अशा सेवांसाठीही ती पद्धत खुली केली आणि गुणवत्तेचा भार 30 टक्क्यांपुरता मर्यादित ठेवला, तेव्हा वाटले की आता तरी काम पाहिले जाईल. प्रत्यक्षात एका कार्यालयात सादरीकरण ऐकणारे तीन अधिकारी आळीपाळीने फोनवर होते आणि गुण कशाचे दिले, हे विचारल्यावर ‘समितीचे समाधान’ असे उत्तर मिळाले. जेम या केंद्राच्या शासकीय खरेदीच्या संकेतस्थळावर निराळीच गंमत आहे. मनुष्यबळ सेवेसाठी किमान सेवाशुल्क 3.85 टक्के ठरवण्याची मुभा 2023 मध्ये मिळाली. हेतू चांगला होता, पण परिणाम असा की सगळेच नेमके 3.85 भरतात आणि मग संगणक चिठ्ठी काढावी तसा एकाला ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाकार, करून मोकळा होतो. तिथे निदान संगणकाला माझ्या शिक्क्याचे वावडे नाही.

माझी स्वतःची अवस्था काय वर्णावी! परवा सोसायटीच्या देखभालीचा धनादेश देताना मी त्याच्या मागच्या बाजूलाही सही करून शिक्का मारला आणि छायाप्रत स्वयंसाक्षांकित करून सोबत जोडली. खजिनदारांनी तब्येतीची चौकशी केली. हा मजकूर लिहीत असतानाच दुसऱ्या एका कार्यालयाची निविदा उघडून तिचे शुल्क भरून टाकले आहे, ही गोष्ट घरात अजून कुणाला सांगितलेली नाही.

आक्षेप घ्यायचा तर तो ज्यांनी अपात्र ठरवले त्यांच्याकडेच द्यायचा आणि त्यांनी ‘समितीचा निर्णय नियमानुसार आहे’ असे कळवायचे. न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे म्हणे. टाटा सेल्युलर प्रकरणात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निर्णय घेण्याची प्रक्रिया तपासता येईल, पण निर्णयावर अपिलासारखे बसता येणार नाही. 2016 मध्ये नागपूर मेट्रोच्या प्रकरणात सांगितले की निविदा ज्याने तयार केली, त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. 2022 मध्ये आणखी सांगितले की अशा प्रकरणांत कामाला स्थगिती देणे टाळावे, फार तर नुकसानभरपाई पाहावी. प्रत्येक निवाड्यामागची कारणे मला समजतात आणि पटतातही. पण दुय्यम अटीतील किरकोळ त्रुटीकडे खात्याला काणाडोळा करता येतो, हेही त्याच न्यायालयाने 1991 मध्ये पोद्दार स्टील प्रकरणात सांगितलेले आहे, ते मात्र कोणत्याच कार्यालयाच्या फाइलमध्ये सापडत नाही. शिवाय अकरा महिन्यांच्या कंत्राटासाठी उच्च न्यायालयात जायचे, तर वकिलांचे शुल्कच आमच्या संभाव्य नफ्याला गिळून ढेकर देईल.

म्हणून सध्या दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तांत्रिक मूल्यांकनाचा अहवाल मागितला आहे. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे, नंतर पहिले अपील आहे, आणि व्यावसायिक गोपनीयतेचे कलम त्यांना तोंडपाठ आहे. कार्यारंभ आदेश मात्र आज सकाळीच निघाला.